बॅलरॅटच्या मेढेकोटांतील दुकान

वैशाखांतील रात्रीं जेवणें आटोपून गच्चीवर बसलें असतां दक्षिणेकडे, अगदीं क्षितिजालगत, चार ठळक तारकांची एक आकृति दिसते. आमच्या लहानपणीं घरचीं वडील माणसें ती दाखवून सांगत कीं, हा त्रिशंकु. सदेह स्वर्गीं जाऊं पाहणारा, विश्वामित्रांनीं वर चढविलेला आणि इंद्रानें खालीं लोटलेला हा राजा मध्येंच लोंबकळत राहिला, तो अद्यापि तसाच आहे. पाश्चात्य लोक याच तारकांस 'सदर्न क्रॉस', म्हणजे दक्षिणेचा क्रूस, असें म्हणतात. आपल्याकडे थोडा वेळ दर्शन देऊन मावळणारा हा तारकापुंज ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागांत वर्षाचे बाराही महिने मावळत नाहीं.

मेलबर्न येथें आमच्या चिरंजीवांचें बिऱ्हाड आहे. गेल्या डिसेंबरांत तेथें मुक्काम असतां आम्ही सहकुटुंब बॅलरॅट हें गांव पाहून आलों. मेलबर्नच्या ज्या स्थानकावर गाडींत बसलों त्याचें नांवच 'सदर्न क्रॉस'. आणि बॅलरॅटला ज्या जुन्या निशाणाच्या दर्शनास लोक जातात त्यावरही याच तारका. तेव्हां जातांना त्रिशंकु मनांत घोळत होता हें खरें. परंतु परततांना आम्हांस असें वाटूं लागलें कीं, हें निशाण खाणकऱ्यांचें म्हणून प्रसिद्ध असलें तरी त्यावरील त्रिशंकु शोभतो तो त्या गांवच्या दुकानदाराला. तें कां, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

मेलबर्नहून बॅलरॅट सुमारें ११० किलोमीटर आहे. डिसेंबर म्हणजे तिकडील उन्हाळ्याचा प्रारंभ. वाटेंत दोहों बाजूंस मेंढ्यांचीं कुरणें, वाळून पिंगट झालेलें गवत आणि मधून मधून निलगिरीचीं झाडें. गांव आज लाखावर वस्तीचें आहे. मुख्य रस्ता चांगला प्रशस्त, त्याच्या मधोमध वृक्षांची व पुतळ्यांची रांग, आणि जुन्या इमारतींचे दर्शनी भाग एखाद्या राजधानीस शोभावे असे. हें वैभव एका पिढींत उभें राहिलें. ही मूळची वाडावुरुंग लोकांची भूमि. तिच्यावर गोऱ्या मेंढवाल्यांनीं कुरणें बळकावलीं होतीं. १८५१ च्या ऑगस्टांत येथें सोनें सांपडलें आणि साऱ्या जगांतले लोक या दरींत लोटले. व्हिक्टोरिया वसाहतीची लोकसंख्या त्या वर्षीं सुमारें ७७ हजार होती. ती दहा वर्षांत ५ लाखांवर गेली.

त्या काळचें बॅलरॅट कसें होतें हें दाखविण्यासाठीं 'सॉव्हरिन हिल' नांवाचें एक उघड्यावरील संग्रहालय तेथें १९७० पासून आहे. जुन्या पद्धतीचीं घरें, दुकानें, तंबू, घोड्यांच्या गाड्या, आणि जुन्या पोशाखांत वावरणारीं माणसें! एका ओढ्यांत पाहुण्यांना परात देऊन वाळू घोळावयास लावतात. आमच्या नातवास अर्ध्या तासांत दोन चमकते कण मिळाले, व तो आनंदानें नाचूं लागला. आम्हांस मात्र आपल्याकडच्या सराफकट्ट्यावरील झारेकऱ्यांची आठवण झाली. पहांटे येऊन सोनारांच्या दुकानांपुढील धूळ गोळा करावी, ती धुवावी, आणि त्यांतील कणाकणावर पोट भरावें, असा त्यांचा धंदा. सोन्याच्या जवळ राहून गरीब राहणारीं माणसें सर्व देशांत असतात.

त्या नमुन्याच्या पेठेंतून हिंडतांना आमच्या लक्षांत एक गोष्ट आली. खाणींचा भाग पाहून झाला तरी दुकानें कांहीं संपेनात. पाववाला, लोहार, मेणबत्त्या पाडणारा, औषधें विकणारा, छापखानेवाला, मिठाईवाला! सोन्याची नगरी म्हणून जी जगांत गाजली ती एका अर्थीं दुकानदारांचीच नगरी होती.

हा दुकानदार राही कसा? लांकडी मेढी रोवून त्यांवर किंतान ताणलें कीं झालें त्याचें दुकान. पुढें फळकुटावर माल, मागें बायकामुलांचा संसार. एकसारख्या पांढऱ्या तंबूंच्या समुद्रांत गिऱ्हाइकानें आपलें दुकान ओळखावें कसें? म्हणून जो तो दारावर निशाण लावी. पीठ, चहा, साखर, मांस, बूट, दोर, कुदळी, फावडीं, मेणबत्त्या असा सर्व संसार एका छपराखालीं असे, आणि मध्यभागीं सोनें तोलण्याचा नाजूक कांटा. कारण रोकडीपेक्षां सोन्याची रेतीच अधिक चाले. औंसाचा भाव तीन ते चार पौंडांच्या दरम्यान असे. माल येई जीलाँगच्या बंदरांतून बैलांच्या व घोड्यांच्या गाड्यांवर. पावसाळ्यांत चाकें आंसापर्यंत चिखलांत रुतत. मग भाडें चढे, त्याबरोबर पिठाचा भाव चढे, आणि गिऱ्हाइकाचे शिव्याशाप मात्र दुकानदाराला मिळत.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहींतर पुढील हकीकत कळावयाची नाहीं. बॅलरॅटचें सोनें आरंभीं वरच्या थरांत मिळालें तरी खरा सांठा खोल होता. प्राचीन काळच्या नद्यांचीं पात्रें मातीच्या व ज्वालामुखीच्या थरांखालीं गाडलीं गेलीं होतीं, आणि सोनें त्या पात्रांच्या तळाशीं होतें. तेथवर जावयास शंभर-दीडशें फूट खोल विहीर खणावी लागे. तिला आंतून फळ्यांचें अस्तर द्यावें लागे. रात्रंदिवस पाणी उपसावें लागे. यांत महिनेच्या महिने जात, आणि इतकें करून नदीचें पात्र हातभर बाजूला राहिलें तर सारी मेहनत फुकट. हे महिने खाणकरी खाई काय? तर दुकानदाराच्या उधारीवर खाई. पुष्कळदां दुकानदार उधारीच्या ऐवजीं त्या विहिरींत पाती धरी. सोनें लागलें तर त्याचें चांगभलें. विहीर फसली तर खतावणीवर पाणी. म्हणजे तो खाणींत उतरत नसे एवढेंच. बाकी त्याचें दैवही त्याच दोराला बांधलेलें असे.

आणि सरकार? सोनें लागो वा न लागो, प्रत्येक खाणकऱ्यास परवाना घ्यावा लागे. प्रारंभीं त्याची फी महिना ३० शिलिंग होती, ती पुढें थोडी उतरली. दुकानदाराचा परवाना निराळा आणि फार जड, तीन महिन्यांस १५ पौंड किंवा वर्षास ५० पौंड. दारूविक्रीवर बंदी होती तेव्हां चोरटी दारू विकणाऱ्यास जबर दंड होई व दंडाचा अर्धा भाग खबर देणाऱ्यास मिळे. जेथें चुगलीस बक्षीस आहे तेथें चुगली खोटीही निपजते, हें निराळें सांगावयास नको. अशा आरोपावरून पोलिसांनीं तंबू जाळून टाकण्याचीही चाल होती. आग पुढें लागली ती एकाएकीं लागलेली नव्हे. दुकानदारानें तिची धग अगोदरच पाहिली होती.

१८५४ च्या जूनमध्यें सर चार्ल्स हॉथॅम हे गव्हर्नर म्हणून आले. तिजोरींत खडखडाट होता. त्यांनीं परवान्यांची तपासणी आठवड्यांतून दोनदां करण्याचा हुकूम सोडला. बंदूकधारी पोलीस येतांना दिसले कीं दरींतून 'जो! जो!' अशी आरोळी उठे. पूर्वींचे गव्हर्नर चार्ल्स जोसेफ ला ट्रोब यांच्या नांवावरून ही इशाऱ्याची हांक पडली होती. परवाना कोरड्या कपड्यांच्या खिशांत तंबूंत राहिला आणि माणूस ओल्या विहिरींत सांपडला, तरी त्याला कैद होई.

७ ऑक्टोबर १८५४ रोजीं यूरेका हॉटेलाजवळ जेम्स स्कोबी नांवाचा एक स्कॉटिश खाणकरी मारला गेला. संशय हॉटेलाचा मालक बेंटली याच्यावर होता; परंतु स्थानिक न्यायाधीशांनीं त्याला सोडून दिलें. मुख्य न्यायाधीशाचे बेंटलीशीं पैशाचे संबंध आहेत असा बोभाटा होता, आणि पुढें चौकशी होऊन त्या न्यायाधीशास नोकरीवरून काढण्यांतही आलें. परंतु लोकांना तोंवर धीर कोठून राहणार? १७ ऑक्टोबरास हजारों लोक जमले आणि हॉटेल जाळून भस्म केलें. बेंटलीला मागाहून मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे लोकांचा संशय अगदींच निराधार नव्हता. तरी त्या दिवशीं आपल्या किंतानी छपराकडे पाहणाऱ्या पापभीरु दुकानदाराच्या पोटांत काय कालवलें असेल, याची कल्पना वाचकांनीं करावी. आज पोलीस जाळितात, उद्यां लोक जाळतील. किंतानाला दोन्ही आगी सारख्याच!

११ नोव्हेंबरास बेकरी हिल या टेंकाडावर सभा भरून 'बॅलरॅट रिफॉर्म लीग' स्थापन झाली. प्रत्येक पुरुषास मताचा अधिकार असावा, ही तिची मुख्य मागणी; आणि दुसरी एक मागणी अशी कीं, खाणकऱ्यांचा व दुकानदारांचा, दोहोंचाही परवाना-कर साफ रद्द करावा. ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. खाणकऱ्यानें आपल्या लढ्यांत दुकानदाराचें नांव घातलें होतें. २९ नोव्हेंबरच्या प्रचंड सभेंत निळ्या कापडावर पांढरा क्रूस व पांच तारका असलेलें निशाण फडकलें आणि परवान्यांची होळी झाली. दुसऱ्याच दिवशीं सरकारनें पुन्हां तपासणी केली. तेव्हां पीटर लॉलर या आयरिश तरुणानें पुढारीपण घेतलें, लोकांनीं निशाणाखालीं शपथ वाहिली, आणि विहिरींच्या अस्तराच्या फळ्या व उलट्या केलेल्या गाड्या रचून यूरेका येथें एक मेढेकोट उभा केला.

त्या मेढेकोटाच्या आंत कांहीं तंबू व दुकानें आपोआपच सांपडलीं. मार्टिन डायमंड व त्याची पत्नी ॲन यांचें दुकान त्यांपैकींच होय. पुढाऱ्यांच्या मसलती तेथें होऊं लागल्या. दुकान ज्या जागेवर होतें तिच्याभोवतीं एका रात्रींत रणभूमि येऊन उभी राहिली, असा प्रकार झाला.

आतां दुकानदाराची अवस्था पाहा. मेढेकोटांत शेंकडों माणसें. त्यांना भाकरी पाहिजे, बंदुका पाहिजेत, दारूगोळा पाहिजे. बंडवाल्यांच्या टोळ्या पेठेंत फिरून माल उचलीत व त्याबद्दल समितीच्या नांवें पावत्या लिहून देत. त्यांच्या नांवावर कांहीं भामट्यांनींही हात धुवून घेतले. पावती घेतली नाहीं तर देशद्रोही, घेतली तर राजद्रोही! सरकारी छावणीलाही पाव व मांस लागे, तें विकावें तर शेजारी डोळे वटारणार. छावणीच्या आसपास रात्रीं आठनंतर दिवा दिसतां कामा नये असा हुकूम निघाला. म्हणजे पत्नीनें मुलाला पाणी पाजण्यासाठीं मेणबत्ती लावावी तर गोळी येण्याचें भय. त्रिशंकूला निदान स्वर्ग व पृथ्वी हीं दोन टोंकें स्पष्ट दिसत तरी होतीं.

सर्वच धंदेवाले मध्यें लोंबकळत राहिले असें मात्र नव्हे. जॉन हाफेल हा जर्मन लोहार. ज्या ऐरणीवर कुदळीला धार लावावयाची तिच्यावर त्यानें भाले घडविले, कारण बंदुका सर्वांना पुरणाऱ्या नव्हत्या. एडवर्ड थोनेन हा प्रशियांतील एल्बरफेल्डचा. खाणींवर लेमोनेड विकीत हिंडे, आणि बुद्धिबळांत मोठा वाकबगार होता अशी आठवण राफाएलो कार्बोनी या बंडांतील इटालियन गृहस्थानें आपल्या १८५५ च्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. हेन्री सीकँप हा 'बॅलरॅट टाइम्स'चा संपादक. त्याच्या छापखान्यानें सभेचे जाहीरनामे छापले. ऐरण, सरबताची बाटली आणि खिळ्यांची पेटी हीं तिघांचीं भांडवलें. तीं त्यांनीं पणाला लावलीं.

३ डिसेंबर १८५४ हा रविवार. देवाच्या वारीं हल्ला होणार नाहीं या समजुतीनें बहुतेक लोक शनिवारीं रात्रीं आपापल्या तंबूंत परतले होते; मेढेकोटांत दीडशेंच्या आसपास उरले. पहांटेच्या अंधारांत सुमारें पावणेतीनशें शिपाई व पोलीस चालून आले. सारी लढाई पंधरा-वीस मिनिटांची. निदान २२ बंडवाले मेले. सैन्यापैकींही पांच-सहा जण मृत्यु पावले. लॉलरचा डावा हात पुढें कापावा लागला. लढाई संपल्यावर पोलिसांनीं तंबूंना आगी लावल्या.

हाफेल लोहार मेला. थोनेन लेमोनेडवाला मेला. मार्टिन डायमंड आपल्या दुकानाशीं मेला व दुकान जळून गेलें. सीकँपला दुसऱ्या दिवशीं पकडलें. राजद्रोही लिखाणाबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, त्यांपैकीं तीन त्यानें भोगले. त्याच्या मागें त्याची पत्नी क्लारा हिनें वर्तमानपत्र बंद पडूं दिलें नाहीं. संपादकाच्या खुर्चीवर ती स्वतः बसली. राजद्रोहाच्या मोठ्या खटल्यांत तेरा जण उभे केले होते. ज्यूरीनें १८५५ सालीं ते सर्व निर्दोष सोडले. त्याच वर्षीं परवाना गेला, त्या जागीं वर्षाला एक पौंडाचा 'खाणकऱ्याचा हक्क' आला व त्याबरोबर मताधिकार आला. लॉलर विधिमंडळांत निवडून गेला आणि कालांतरानें तेथील सभेचा अध्यक्ष झाला. असा हा बहुतेकांच्या दृष्टीनें गोड शेवट आहे.

परंतु ॲन डायमंडचें काय? पति गेला, दुकान गेलें, उधारीची चोपडी जळाली असल्यास धनकोपणही गेलें. तिनें सरकारकडे नुकसानभरपाई मागितली. ती मिळाली नाहीं. दुकान मेढेकोटाच्या आंत होतें, हाच तिचा अपराध. मेढेकोट दुकानाभोवतीं उभा राहिला, दुकान मेढेकोटांत चालत गेलें नव्हतें, हें कोणास सांगावें?

आमचें थोडेंबहुत संस्कृताध्ययन झालें असल्यामुळें येथें आपले जुने शास्त्रकार आठवल्यावांचून राहिले नाहींत. वाण्याविषयीं कौटिल्याचें मत चांगलें नाहीं. खोटीं वजनें-मापें वापरणाऱ्यांपासून प्रजेस कसें राखावें याचा त्यानें स्वतंत्र विचार केला आहे. असें असूनही तोच कौटिल्य सांगतो कीं, व्यापारी गांवांत उतरला असतां त्याचा माल चोरीस गेला तर तो गांवच्या मुख्यानें भरून द्यावा. स्मृतिकारही म्हणतात कीं, चोरीस गेलेलें धन राजानें धन्यास परत मिळवून द्यावें. कर हें रक्षणाचें वेतन आहे, ही त्यांची कल्पना. या न्यायानें पाहिलें तर वर्षाचे ५० पौंड घेणाऱ्या सरकारावर डायमंडच्या तंबूचें रक्षण करण्याची जबाबदारी होती. प्रत्यक्षांत वेतन घेणाऱ्यानेंच तंबू पेटविला. सशस्त्र बंड मोडणें हें सरकारास भाग होतें, असें कोणी म्हणेल. तें क्षणभर मान्य करूं. तरी लढाई संपल्यानंतर लाविलेल्या आगीस कोणतें कारण द्यावें? आणि केवळ सरकारासच बोल लावून भागणार नाहीं. समितीच्या नांवानें लिहिलेल्या त्या पावत्यांचे पैसे कोणीं फेडावयाचे होते? मत मिळालें, हक्क मिळाला, पुतळे झाले. पावती मात्र पावतीच राहिली.

दुपारीं आम्ही यूरेका येथील संग्रहालयांत तें मूळ निशाण पाहिलें. मंद उजेडांत कांचेमागें तें ठेविलें आहे. लोकांनीं आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून नेले असल्यामुळें तें पुष्कळ ठिकाणीं तुटलेलें आहे, परंतु तारका ओळखूं येतात. नंतर जुन्या दफनभूमींत गेलों. तेथें खाणकऱ्यांचें एक स्मारक व सैनिकांचें एक स्मारक अशीं दोन्ही एकाच आवारांत आहेत. ही गोष्ट आम्हांस फार बरी वाटली. लॉलरनें मृतांची जी यादी दिली तींत थोनेनच्या नांवापुढें 'लेमोनेडवाला' असें लिहिलेलें आहे. एवढ्या मोठ्या प्रसंगीं मेलेल्या माणसाला धंद्यावरून ओळखावें, यांत कोणास लघुता वाटेल. आम्हांस आपुलकी वाटली. त्याच यादींत डायमंडचें पहिलें नांव मात्र मार्टिनच्या ऐवजीं जॉन असें पडलें आहे. ज्याच्या दुकानांत मसलती झाल्या त्याचें नांवही धड राहूं नये!

तेथें उभे असतां आम्हांस आपली स्वतःची एक चूक आठवली, ती कबूल करून लेख संपवितों. शाळेंत इतिहास शिकवितांना पानिपतच्या पराभवाचीं कारणें आम्हीं पुष्कळ वर्षें फळ्यावर क्रमांक घालून लिहिलीं. त्यांत एक कारण असे: 'सैन्याबरोबर बाजारबुणग्यांची गर्दी.' मुलें तें पाठ करीत, आणि मधल्या सुटींत एकमेकांस 'बाजारबुणगा' अशी शिवी देत. हे बाजारबुणगे म्हणजे कोण, हा प्रश्न ना मुलांनीं विचारला, ना आम्हीं. तो पीठ विकणारा वाणी होता, नाल ठोकणारा लोहार होता, लगाम शिवणारा मोची होता. लष्कराबरोबर तो कोंडला गेला, लष्कराबरोबर उपाशी राहिला, आणि १७६१ च्या त्या संक्रांतीस लष्कराबरोबर मेला. त्याच्या हिशेबाच्या चोपड्याही तेथेंच गेल्या.

संध्याकाळच्या गाडीनें मेलबर्नला परतलों. रात्रीं अंगणांत खुर्ची टाकून बसलों तेव्हां नातवानें विचारलें, "आजोबा, त्रिशंकु कोठें आहे?" तो दक्षिणेस खालच्या अंगाला आडवा दिसत होता. आम्हीं दाखविला. मग त्यानें विचारलें, "तो पडत कसा नाहीं?"

त्याला गोष्ट सांगितली. पण राजाची नव्हे, डायमंडच्या दुकानाची.